मध्यरेषेवर बसणारे भावजी

पहिल्या पानावर माझ्या नातीचे पाय छापले होते. तोंड नाही, नाव नाही, नुसते पाय, घोट्यापासून खाली. वर जाड अक्षरांत मथळा होता: ‘शहापूरच्या कॉलेजकडून दोन पोरांची आई मैदानात?’ खाली दीड वीत मजकूर. मी वितीने मोजला, म्हणून सांगते. डाव्या घोट्यावर विळा लागल्याची खूण स्पष्ट दिसत होती, आणि त्या जखमेत हळद मीच भरलेली. दीक्षा, माझ्या थोरल्या मुलाची मुलगी, पेपर हातात धरून ओटीवर उभी होती. तिनं मला विचारलं, “आजी, हे माझेच पाय हायत ना गो?” मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार. बातमीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते माझ्या नणंदेच्या यजमानांचं होतं.

त्यांच्याइतका निःपक्षपाती क्रीडा वार्ताहर शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत दुसरा नाही. असं म्हणणारा माणूस मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे ते स्वतः. मी त्यांना भावजी म्हणते. वाशिंदच्या एका कारखान्यात हजेरीबुकावर जन्म काढला, निवृत्त झाल्यावर मुरबाडला घर बांधलं आणि तिथल्या एका साप्ताहिकात कबड्डीच्या बातम्या लिहायला लागले. स्वतः कबड्डी खेळले एकदाच, लग्नाआधी. पहिल्याच चढाईत दोघांनी घोटा धरून आडवं पाडलं, तेव्हापासून ते म्हणतात, “खेळ बाहेरून जास्त कळतो.” मैदानात जाताना स्कूटरला प्लास्टिकचं स्टूल बांधून नेतात आणि ते बरोबर मध्यरेषेच्या टोकाला ठेवतात. वीतभर इकडे सरकलं तर मुरबाडचे बोलतील, वीतभर तिकडे सरकलं तर शहापूरचे. एकदा पंचाने सांगितलं, काका जरा मागे व्हा, पाय लागेल कोणाचा. तर हे म्हणाले, “मागं होतो, पन सरळ रेषेत होतो.” आणि स्टूल डोक्यावर घेऊन मागे चालत गेले ते थेट माठाच्या तिवईवर आदळले.

चहाचंही तसंच. एका संघाने चहा पाजला की दुसऱ्या संघाचा घेतल्याशिवाय घशाखाली उतरत नाही, नाहीतर बातमी वाकेल. किन्हवलीला आठ संघांचे सामने होते तेव्हा संध्याकाळपर्यंत त्यांनी आठ चहा घेतले, आणि मग एका संघाच्या शिक्षकाने आग्रहाने नववा पाजला म्हणून उरलेल्या सात संघांकडे पुन्हा फिरले. दुसऱ्या दिवशी आंबट ढेकर देत आमच्या ओटीवर आडवे. मी ओवा दिला तर आधी विचारतात, “वहिनी, हा घरचा ना? कोना संघाच्या मानसाने नाय ना दिला?” आमच्याकडे मात्र बोंबलाचं कालवण तीनदा मागून घेतात. तिथे त्यांची लेखणी वाकत नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं शास्त्र म्हणजे पाय. खेळाडूच्या तोंडाकडे ते बघत नाहीत. “तोंड नाटक करतं, पाय नाय करत,” असं म्हणून दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकायचे, मान खाली घालायची आणि सामनाभर जमिनीकडे बघायचं. चढाई कोणी केली हे त्यांना घोट्यावरून कळतं, म्हणे. एकदा एका पोराच्या जागी दुसऱ्याची स्तुती छापली. ज्याची स्तुती झाली तो त्या दिवशी कावीळ होऊन घरी होता. भावजी म्हणाले, “त्याचे पाय आले होते.” दुसरं शास्त्र असं की कोणाला काही विचारायचं नाही. विचारलं की समोरचा आपली बाजू सांगतो, आणि बाजू ऐकली की वार्ताहर बाटला. त्यामुळे इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, पण एका माणसाच्या समोर उभं राहून “हे खरं का रे बाबा” एवढं त्यांनी विचारलं नाही. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की विचारून झालं, असा त्यांचा हिशेब.

आता हा सगळा निःपक्षपात मला मान्य झाला असता, पण या बातमीच्या आदल्या वर्षाचं मी विसरलेले नाही. मुरबाडच्या एका कॉलेजने तीन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेला गडी दुसऱ्याच्या ओळखपत्रावर उतरवला. पंचांनी मैदानातच पकडला, गड्याने कबूलही केलं. भावजी तेव्हा मध्यरेषेवरच होते. त्यांच्या साप्ताहिकात ती बातमी तिसऱ्या पानावर, तळाला, माझी दोन बोटं बसतील एवढी आली: ‘तांत्रिक कारणामुळे सामना थांबवला.’ त्याच अंकाच्या पाठच्या पानावर त्याच कॉलेजची जाहिरात होती, प्रवेश सुरू असल्याची, पान भरून. मी भावजींना विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, “जाहिरात मालक घेतो, बातमी मी देतो. दोघांचा संबंध नाय.” संबंध नसेल तर मग गडी तांत्रिक कसा झाला, हे मला चौथी शिकलेलीला कळलं नाही, आणि त्यांनी मोठी पुस्तकं वाचलेली असून सांगितलं नाही.

तर दीक्षाचं काय झालं ते सांगते. भाताची लावणी नुकती उरकली होती. महिनाभर ती पोर सकाळी कॉलेज आणि दुपारी चिखलात. आमच्याकडे चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या सडतात, त्याला आम्ही चिखल्या म्हणतो. करंजाचं तेल लावायचं आणि बोटाला चिंधी गुंडाळायची, हा उपाय. चिंधी काढली की बोटाभोवती पांढरी खूण राहते. टाचांना भेगा तर सगळ्यांच्याच. असे पाय घेऊन ती मुरबाडला सामना खेळायला गेली. पाऊस म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये माती टाकून मैदान केलेलं, पोरी अनवाणी. तिने त्या दिवशी एका चढाईत मुरबाडच्या तिघी मुलींना बाद केलं आणि सामना फिरवला. भावजी खाली मान घालून बसलेले. त्यांना दिसल्या फाटक्या टाचा आणि दुसऱ्या बोटाभोवतीची पांढरी खूण. त्यांनी ठरवलं की हे जोडवं काढल्याची खूण आहे. म्हणजे बाई लग्नाची. टाचा अशा म्हणजे वय तीसच्या पुढं. म्हणजे दोन पोरं तरी असतील. म्हणजे शहापूरने कॉलेजच्या मुलीच्या नावावर भलतीच बाई उतरवली. भावजींचा जन्म भाताच्या गावात झाला. त्यांच्या आईचे पाय असेच होते. पण मुरबाडला फरशीच्या घरात राहून आणि पायांत मोजे घालून त्यांना एवढंही आठवलं नाही. आणि लग्न झालेलीने कॉलेजात शिकू नये, खेळू नये असा कायदा कुठे लिहिलाय, हेही त्यांना कोणी विचारलं नाही.

पेपर आला त्याच दिवशी कॉलेज हादरलं. बातमीत ‘एका चढाईत तिघींना बाद करणारी’ असं होतं, त्यामुळे ती कोण हे सगळ्यांना कळलं. प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. जन्माचा दाखला आणा, शाळा सोडल्याचा आणा, सरपंचाचं पत्र आणा, आणि निकाल लागेपर्यंत मैदानात पाय ठेवू नका. पुढच्या शुक्रवारी विद्यापीठाच्या संघाची निवड होती. दीक्षाचं नाव तिच्या मॅडमने आधीच दिलेलं, ते मागे घेतलं. पोर घरी आली आणि गोठ्यात जाऊन शेण काढायला लागली. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही म्हणून मी लुगडं बदललं आणि तिला म्हटलं, चल, मुरबाडची गाडी पकडू.

भावजी टेबलावर कात्री घेऊन स्वतःचीच बातमी कापत होते, वहीत चिकटवायला. मी पोरीला त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, पाय वर घे. तिने टेबलावर, त्या पेपरच्या शेजारी, पाय ठेवले. भावजींनी चष्मा लावला. फोटोकडे बघितलं, पायांकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

“हीच ती,” ते म्हणाले. “कुठं मिळाली तुमाला?”

“वर बघा,” मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. या पोरीने त्यांना दर गणपतीत वाढलंय, दर दिवाळीत ती त्यांच्या पाया पडली आहे.

“अगो, ही तर आपली दीक्षा.”

आतून माझी नणंद म्हणाली, “चाळीस वरसं झाली, माझं तोंड धड बघितलं नाय, पोरीचं काय बघतील.”

मला वाटलं, काम झालं. पण भावजींचा चेहरा पडला तो वेगळ्याच कारणाने. ते उठले, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “वहिनी, आता तर लयच अवघड झालं. परकी असती तर उद्या खुलासा दिला असता. ही नात निघाली. आता मी लिवलं तर म्हनतील, नात्यातली म्हणून दाबलं. माझी आजवरची लेखणी जाते.”

“आणि पोरीचं काय जातं?”

“चौथ्या पानावर वाचकांची पत्रं असतात. तुमी पत्र लिवा. मी ते कापनार नाय.”

“पान पहिलं,” मी म्हटलं, आणि त्यांच्या टेबलावर माझी वीत ठेवली, मग अर्धी. “एवढं. यापेक्षा बोटभर कमी नाय. पाय छापले तसं तोंड छापा.”

“हा दबाव झाला वहिनी. वार्ताहरावर दबाव.”

“झाला तर झाला.”

“पहिल्या पानाचं मालक ठरवतो.”

“माझ्या पोरीचे पाय पण मालकानंच बघितले?”

ते पुन्हा खुर्चीत बसले. मग निःपक्षपात या विषयावर बोलायला लागले, दोन्ही बाजू, समतोल, समाजाचा आरसा. मी पान खायला घेतलं. अर्धं पान चावून झालं तरी आरसा चालूच होता. तेव्हा दीक्षाने टेबलावरचे पाय खाली घेतले आणि ती बोलली.

“आजोबा, मी तुमच्यापासून चार पावलांवर व्हते. सामना संपल्यावर तुमाला पानी पन आनून दिलं मी. तुमी एकदा इचारलं असतं, नाव काय गो तुझं, तरी चाललं असतं.”

आवाज चढवला नाही तिने. भावजींनी आरसा अर्धवट सोडला. कात्री खाली ठेवली, कापलेली बातमी उलटी केली आणि तिच्या मागच्या कोऱ्या समासात लिहायला घेतलं. मी त्यांना लिहिताना पहिल्यांदाच बघत होते. एक वाक्य लिहायचे, दीक्षाला विचारायचे. जन्म कधीचा? शाळा कुठली? पायाला काय झालेलं? तीही सांगत होती. चिखल्या म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. “आई एरंडाचं पान बांधायची,” ते म्हणाले, आणि नाक शिंकरायला मोरीत गेले.

मालकाने तो खुलासा छापला नाही. पेपरची इज्जत जाते म्हणाला. खुलासा हवाच असेल तर पान चार, आणि दोन ओळी. भावजींनी तिथल्या तिथे लिहिणं सोडलं. मग झेरॉक्सवाल्याकडे जाऊन खुलाशाच्या प्रती काढल्या, वर दीक्षाचा फोटो, चेहऱ्याचा. खाली लिहिलं होतं, मी पाहिले नाही, मी विचारले नाही, दोष माझा. दोन दिवस मुरबाडच्या एसटी स्टँडवर उभे राहून वाटल्या आणि दोन दिवस शहापूरच्या. शहापुरात जास्त लोक भेटले म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा अर्धा दिवस मुरबाडला गेले. ही खोड जायची नाही. एक गठ्ठा समितीच्या टेबलावर ठेवून आले. समितीतल्या एकाने विचारलं, तुमचं मुलीशी नातं काय. “आजोबा लागतो,” ते म्हणाले. मग त्या माणसाने कागद बाजूला सारला. नात्यातल्याचा कागद धरता येत नाही म्हणाला.

मी या माणसाला आयुष्यभर नावं ठेवली आहेत आणि पुढेही ठेवीन. पण एसटी स्टँडवर उभं राहून अनोळखी माणसाच्या हातात स्वतःची चूक देणारा म्हातारा मी आमच्या दोन्ही तालुक्यांत दुसरा बघितला नाही. मालकाच्या पेपरात आता कबड्डी कोण लिहितं मला माहीत नाही. जाहिरात येते पान भरून. भावजी सामने बघायला जातात, पण लिहीत नाहीत. नणंद सांगते, घरी आले की जेवताना दुसरं काही बोलत नाहीत, नुसती खेळलेल्या पोरांची नावं एकेक करून सांगतात.

निवड शुक्रवारी झाली. समितीचा कागद सोमवारी आला, विद्यार्थिनी निर्दोष आहे असा, शिक्क्यासह. ते तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या संघात दुसरी मुलगी गेली. हे सगळं घडलं तेव्हा दीक्षा वीस वर्षांची होती, आणि हे सगळं तिने सोसलं.