मागच्या सीटवरची वाकळ

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण डोक्यातून जात नाही ती एका जुन्या मोटारसायकलीची चोरी. बायको म्हणते, एवढं काय आहे त्यात? काहीच नाही. चोर सापडला, गाडी सापडली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी ती गोष्ट निघाली की मला मान वर करून बोलता येत नाही.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यात कुपवाडच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत लहान-मोठे कारखाने. पाळी सुटली की रस्त्यावर नुसत्या मोटारसायकली, एकेकीवर दोन-दोन माणसं. त्या वर्षी मात्र ती गर्दी आटली होती. मंदी आली होती. ऑर्डरी बंद, भट्ट्या आठवड्यातून निम्मे दिवस थंड. कारखान्यांतून माणसं कमी करायला सुरुवात झाली. आमच्याकडे त्याला 'हिशोब दिला' म्हणतात. म्हणजे नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी, राहिलेला पगार सगळं एकदम हातावर ठेवायचं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायचं. ठाण्यातही त्याचा परिणाम दिसायचा. घरगुती भांडणं वाढली, दारूच्या केसेस वाढल्या, आणि चारित्र्य पडताळणीच्या अर्जांचा ढीग लागला. दुसरीकडे नोकरी धरायची तर पोलिसांचा तो दाखला लागतो ना.

अशात एके दिवशी सकाळच्या हजेरीनंतर एक पन्नाशीचा माणूस मोटारसायकल चोरीची फिर्याद द्यायला आला. बरोबर त्याचा मेहुणा. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. कारखान्यात या माणसाला मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणतो. मिस्त्री कामावर जाताना रस्त्यात चहाला थांबला, चहा पिऊन बाहेर येतो तर गाडी नाही. एवढीच हकिकत, आणि तीही मेहुण्यानंच सांगितली. मिस्त्री फरशीकडं बघत बसला होता.

"कुणावर संशय?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. कुणावर न्हाई."

मला तिथंच खटकलं. गाडी चोरीला गेलेला माणूस शेजाऱ्यापासून भावकीपर्यंत चार नावं सांगूनच दम घेतो. हा एकही सांगेना. मेहुणा मात्र उसळला.

"आवं दाजी, सांगा की! साहेब, दुसरी चावी पैलवानाकडं हाय."

पैलवान म्हणजे मिस्त्रीचा जोडीदार. एकाच गावचे, एकाच दिवशी कारखान्यात लागलेले, एकाच भट्टीवर काम. गाडी मिस्त्रीची आणि पेट्रोल पैलवानाचं, असा वर्षानुवर्षांचा करार. पाळी वेगळी पडली तर गाडी नेता यावी म्हणून एक चावी पैलवानाकडं. आणि महिन्यापूर्वी कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात पैलवानाला हिशोब मिळाला होता. मिस्त्री राहिला होता.

नोकरी गेलेला माणूस, मनात राग, हातात चावी. पोलिसाला आणखी काय लागतं?

तरी मी लगेच उचललं नाही. ऊन वाढत गेलं, आणि एक दिवस मेंढ्या पाण्यावर नेणाऱ्या एका धनगराचा फोन आला. "साहेब, जुन्या खाणीतलं पाणी उतारलंय. गाडीचं हँडल दिसतंय बगा."

आम्ही क्रेन लावून गाडी वर काढली, पंचनामा केला. माझ्याबरोबर एक जुना हवालदार होता, कडेगावकडचा, जिभेला हाड नसलेला. गाडीभोवती फिरून तो म्हणाला, "साहेब, असला कसला ओ चोर? बॅटरी हाय, दोन्ही चाकं हायती, आरसासुद्धा ठेवलाय. ह्येनं चोरलं काय मग?" नेलेलं काहीच दिसत नव्हतं. फक्त मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना सुतळीचे कापलेले तुकडे लोंबत होते. तिथं काहीतरी बांधलेलं होतं आणि कुणीतरी ते सोडवून नेलं होतं.

चोरी विकण्यासाठी नाही, म्हणजे खुन्नस. मी पैलवानाला बोलावून घेतलं.

तो आला तेव्हा त्याचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता. शिरवळच्या बाजूला एका कंपनीत त्याला काम लागत होतं. आठवड्याच्या आत दाखला दिला नाही तर जागा दुसऱ्याला. मुलगी नर्सिंगला, घराच्या कर्जात हिशोबाचे निम्मे पैसे गेलेले. हे सगळं त्यानं मी न विचारताच सांगितलं. गुन्ह्यात नाव आलं असतं तर तो दाखला मी देऊ शकत नव्हतो. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

तालमीत कमावलेला, पण कमरेतून जरा वाकलेला माणूस. मी त्याला खुर्ची दिली नाही. बाकावर बसवला.

"मिस्त्रीची गाडी खाणीत घातलीस?"

"न्हाई साहेब."

"चावी तुझ्याकडंच आहे ना?"

"व्हय. ही बगा." त्यानं खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली.

"नोकरी त्याची राहिली, तुझी गेली. राग नाही आला?"

यावर त्याची मान जी खाली गेली, ती वर येईना. मी आवाज चढवला. हवालदारानंही टेबलावर हात आपटला. शेवटी तो पुटपुटला, "साहेब, गाडीचं म्हाईत न्हाई. पर मिस्त्रीचं वाईट म्या केलंय. ते खरं हाय."

"कसलं वाईट?"

"ते नगा इचारू."

झालं की! माझ्या लेखी ही कबुलीच होती. सापडलेले लोक अशीच अर्धी कबुली देतात आणि उरलेली पोटात ठेवतात. मी त्याला सांगून टाकलं, "दाखला विसर आता." त्यानं एकदा टेबलावरच्या अर्जाकडं पाहिलं. मग त्याला ठाण्याच्या ओट्यावर बसवून ठेवला. समोरून कारखान्याची माणसं येत-जात होती, त्यांनी पाहिला. पाहू दे, म्हटलं. असं बसवलं की माणूस लवकर बोलतो, ही आमची जुनी पद्धत.

जेवायला निघालो तेव्हा त्यानं मला थांबवलं. "साहेब, गाडी घावली, पर मागच्या सीटवरची वाकळ घावली का?"

"कसली वाकळ?"

मग त्यानं सांगितलं. कुस्तीत कंबर मोडलेली, खड्ड्यात गाडी आदळली की जीव जायचा. म्हणून त्याच्या बायकोनं जुन्या लुगड्यांचे थर घालून सीटच्या मापाची लहानशी जाड वाकळ शिवली होती, कडेला लाल काठ लावलेली. ती कायम मागच्या सीटला सुतळीनं बांधलेली असायची. "गाडी मिस्त्री ठेवंल न्हाईतर इकंल," तो म्हणाला, "वाकळ तेवडी कारभारणीच्या हातची हाय."

सुतळीचे तुकडे माझ्या डोळ्यांसमोर आले. हवालदार माझ्याकडं बघू लागला. पण वाकळ नेऊन चोराला काय करायचं होतं, हे आम्हा दोघांनाही कळेना.

संध्याकाळी मिस्त्रीचा पुरवणी जबाब घ्यायला आम्ही त्याच्या घरी गेलो. पत्र्याचं घर. भिंतीवर खिळ्याला नवा टॉवेल आणि टोपी टांगलेली, घडीसुद्धा न मोडलेली. त्याच्या बायकोनं अंगणात लोखंडी खुर्ची ठेवली आणि माझा हात खुर्चीला लागायच्या आत म्हणाली, "थांबा साहेब, खुर्ची तापल्याली हाय." आत जाऊन तिनं काहीतरी आणलं आणि खुर्चीवर टाकलं.

सीटच्या मापाची वाकळ. लाल काठाची.

मी बसलो नाही. मिस्त्रीकडं पाहिलं. तो मटकन खालीच बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून हमसून रडू लागला. त्याच्या बायकोला काही कळेना, ती बिचारी माझीच माफी मागायला लागली.

"म्याच ढकलली साहेब," तो म्हणाला. मग सगळं बाहेर आलं.

माणसं कमी करताना नियम असा की शेवटी लागलेला आधी जातो. भट्टीवरचा एक कमी करायचा होता आणि हे दोघे तर एकाच दिवशी लागलेले. मालकानं मिस्त्रीला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुम्हीच सांगा, दोघांत कुणाला ठेवू? मिस्त्री म्हणाला, पैलवानाची कंबर गेलीय, त्याच्यानं उचलणं होत नाही.

"आनि त्येला काय ठावं? त्येला म्या सांगितलं, तुज्यासाठी लय भांडलो, पर मालक ऐकंना. तर हिशोब मिळाल्यावर गडी माज्या दारात आला. टावेल, टोपी, नारळ दिला. वाकून नमस्कार केला मला साहेब! वर गाडीची टाकी फुल करून दिली. म्हणला, शेवटचं म्हणून घे. मग रोज त्येनंच भरल्यालं पेट्रोल जाळत मी कामावर जात हुतो आनि मागची शीट मोकळी. रस्त्यात समदी इचारायची, पैलवान कुठाय? एक दिवस गाडी खाणीकडं वळवली. वाकळ तेवडी पाण्यात टाकवंना. ती सोडून घेतली."

घरी गाडी चोरीला गेली, वाकळ आधीच सोडून ठेवली होती म्हणून सांगितलं. मेहुण्यानं ओढत ठाण्यात आणलं. पुढं पैलवानाचं नाव आलं, पैलवान ओट्यावर बसला, तेही त्याला कळलं होतं. "मग तेव्हा तरी का बोलला नाहीस?" मी ओरडलो. तो म्हणाला, "गाडी का ढकलली, ते सांगाय लागलं आसतं."

मी त्याला तसाच ठाण्यात आणला. पैलवान अजून ओट्यावरच होता. त्याला आत घेतलं आणि मिस्त्रीला म्हणालो, मी काही सांगणार नाही, तूच सांग. हवालदार दार लावून बाहेर जाऊन उभा राहिला. एरवी तो अशा वेळी हलत नाही.

मिस्त्रीनं सगळं सांगितलं. वाकळ मध्ये बाकावर ठेवलेली. मला वाटलं, पैलवान आता उठून दोन लगावणार. मी खुर्ची मागं सरकवून तयारीतच होतो. पण पैलवान बसल्या जागेवरूनच बोलला.

"गड्या, मालकानं मला बी बोलावलं हुतं. तुज्या आधी."

मिस्त्रीनं वर पाहिलं.

"म्या काढायला तुजं नाव सांगितलं. म्हणलं, मिस्त्रीचं पोरगं कमावतंय, त्येचं भागंल. मग हिशोबाची चिठ्ठी माजीच निघाली. तू माज्यासाठी भांडलास म्हणलास, तवा मला मेल्याहून मेल्यागत झालं रं. म्हणून टावेल-टोपी घिऊन आलो."

सकाळी ज्याला मी कबुली समजलो, ती ही होती. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. मीही कुठंतरी भिंतीकडं बघत होतो.

आणि नेमका तेवढ्यात कारखान्याचा मालक आला. आपली माणसं ठाण्यात बसलीत असं कळलं, म्हणून चौकशीला. सवयीनं मी उठून उभा राहिलो, त्याला पंख्याखालची खुर्ची दिली, चहा मागवला. ते दोघे बाकावरून उठून कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी त्याला विचारलं, दोघांनाही विचारलं होतंत?

"अहो साहेब, मी फक्त मत घेतलं," तो म्हणाला. "कामगारांनीच नाव सांगितलं की मागाहून बोंब होत नाही. भरपाई तर कायद्याप्रमाणे पूर्ण दिलीय."

दिलीच होती. माझ्याकडं त्याला लावायला एकही कलम नव्हतं. पण लाज त्याची नाही वाटत. लाज याची वाटते की त्याचं ऐकून मी मान डोलावली, हुशारीची गोष्ट सांगितल्यासारखी. आणि कोपऱ्यातल्या त्या दोघांनी ते पाहिलं.

पैलवानाचा दाखला त्याच संध्याकाळी सही करून त्याच्या हातात दिला. तो वाकून नमस्कार करायला लागला, तेव्हा मी पाय मागं घेतले. दिवसभर ओट्यावर बसवल्याबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं, ते तोंडातून निघालं नाही. मिस्त्रीवर खोट्या फिर्यादीचा अहवाल गेला, कोर्टानं दंड केला, तो त्यानं भरला. गाडी न्यायला मात्र तो आला नाही. दोनदा निरोप पाठवले. गाडी ठाण्याच्या आवारात गंजत पडली. वाकळ पैलवानही घेऊन गेला नाही. हवालदारानं ती मुद्देमालाच्या खोलीत ठेवली.

त्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नव्या पोरांच्या प्रशिक्षणात कुणीतरी विचारलं होतं. मी सांगितलं, समोरच्याची मान खाली गेली की आपण गुन्हा धरून चालतो. लाजेनंही मान तशीच खाली जाते, आणि टेबलाच्या आपल्या बाजूनं दोन्हीतला फरक दिसत नाही. पोरांनी ते लिहून घेतलं. मी उभा राहून खुर्ची कुणाला दिली, ते मी त्यांना सांगितलं नाही.

पैलवान अजून शिरवळकडं काम करतो, मुलगी नर्स झाली. माझी बदली झाली त्या सुमारास कारखान्यानं पुन्हा माणसं कमी केली आणि त्यात मिस्त्रीला हिशोब मिळाला. त्या वेळी केबिनमध्ये कुणाला बोलावून विचारलं होतं, ते मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.