मेजर साहेबांचा जनरल आणि आमचे अहिरे उस्ताद

नव्वदच्या दशकात मी देवळालीला तोफखान्यात होतो. रेडिओ ऑपरेटर. गाव सायखेडा, बारावी दुसऱ्या झटक्यात पास, अंगात एकच कला: नकला. बॅरेकमध्ये मी साहेबांच्या आवाजात "सावधान" म्हटलं की झोपलेली पोरं चड्डीवर उभी राहायची.

साहेब म्हणजे आमचे बॅटरी कमांडर, सहा तोफांच्या तुकडीचे प्रमुख, मेजर. त्यांना प्रशियाचा एक जनरल चावला होता. प्रशिया म्हणजे जुनी जर्मनी. दर शनिवारी पीटी झाली की त्याच्यावर लेक्चर. जनरल लहानपणीच कॅडेट झाला. घोड्यावरून पडला, तरी परेड चुकवली नाही. एका लढाईत तोफा मागं ठेवल्या आणि मार खाल्ला. पुढच्या लढाईत तोफा पायदळाच्या बरोबरीनं पुढं नेल्या आणि जिंकला. राजानं मेडल दिलं. मग पुस्तकं लिहिली आणि म्हातारा होऊन पलंगावर मेला. नाव इतकं लांब की आम्ही त्याला मिशीवालाच म्हणायचो.

हवालदार अहिरे, मालेगावकडचे, एक नंबर तोफेचे प्रमुख. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. लेक्चरनंतर ते मला अहिराणीत विचारायचे, "काय रे नकल्या, तुना मिशीवाला कधी चिखलमा उतरना का?"

"उस्ताद, त्याची इस्त्री मोडंल ना."

श्रावणात फायरिंग रेंजवर सराव लागला. ब्रिगेडियर साहेब बघायला येणार होते. सकाळी दहाला मी टेकडीवर मेजर साहेबांच्या शेजारी, पाठीवर रेडिओ सेट. खाली सहा तोफा, प्रत्येक एकेका ट्रकला जोडलेली. मध्ये ओढा, रात्रीच्या पावसानं फुगलेला.

साहेबांनी हुकूम दिला, "गन्स फॉरवर्ड. सरळ ओढ्यातून."

सेटवर उस्ताद बोलले, "सर, पाणी जादा आहे. पुलावरून फिरून येतो. अर्धा तास. ओव्हर."

"नेगेटिव्ह. जनरलनं नदी ओलांडली होती. मूव्ह. ओव्हर."

"रॉजर."

जनरलनं ओलांडली असेल. साहेबांच्या बुटाला मात्र मी कधी चिखल बघितला नाही.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर नवा होता. म्हणून उस्ताद स्वतः पाण्यात उतरले आणि हातानं इशारे देत पुढच्या चाकाशेजारून चालू लागले. मध्यावर मागची तोफ घसरली. तिनं ट्रकला ओढलं. ट्रक आडवा झाला, उस्ताद त्याच्याखाली सापडले. आणि मागून दुसरा ट्रक पाण्यात शिरत होता, कारण हुकूम मूव्हचाच होता.

"सर, हॉल्ट सांगा."

साहेब ब्रिगेडियर बसले होते त्या तंबूकडं बघत होते.

"सर!"

साहेबांची नजर तंबूवरच. मी बटण दाबलं आणि साहेबांच्याच आवाजात बोललो, "ऑल गन्स हॉल्ट. आय से अगेन, हॉल्ट. खाली उतरा, दोर घ्या. ओव्हर."

दुसरा ट्रक थांबला. त्यातली माणसं वाचली. त्यांनीच दोर टाकून पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर बाहेर काढला. उस्तादांना काढलं तेव्हा उशीर झाला होता.

चौकशी बसली. सगळ्यांनी सेटवर ऐकलं तेच सांगितलं: साहेबांनी वेळेवर हॉल्ट दिला. ओढ्यातून जायचा हुकूम कुणी विचारलाच नाही. मी बोललो असतो तर अधिकाऱ्याची नक्कल म्हणून आत गेलो असतो. साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ब्रिगेडियरनं त्यांचा खांदा थोपटला. त्याच शनिवारी लेक्चरचा विषय होता, "कुठं थांबायचं हे ओळखतो तो खरा जनरल." मी मागच्या रांगेत होतो. थुंकायला जागा नव्हती.

पुढं साहेब कर्नल झाले. आता गंगापूर रोडला बंगला आहे. जनरलवर पुस्तक लिहितायत म्हणे. लिहोत बापडे.

उस्तादांवर कुणी लिहिणार नाही, म्हणून मीच सांगतो. हवालदार अहिरे. बाप मालेगावात मागावर कापड विणायचा. अठराव्या वर्षी भरती. घोड्यावर कधी बसले नाहीत, सायकलवरून मात्र पडले. लढाई वाट्याला आली नाही. नव्या पोराला चिखलात एकटं सोडलं नाही.

तो ड्रायव्हर आता सटाण्याकडं कांद्याचा ट्रक चालवतो. परवा त्याच्यासोबत गेलो होतो. रस्त्यावर पाणी दिसलं. त्यानं गाडी थांबवली, पँट वर दुमडली, आणि मला आतच बसवून आधी स्वतः चालत पलीकडं जाऊन आला.