काकीने अंगावर घेतलेली आग

मोहाची फुलं गळायला लागण्याआधी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात. जमीन साफ झाली की फुलं वेचायला सोपी जातात. पण आग पुरती विझेपर्यंत हिरवी फांदी हातात घेऊन तिथंच थांबायचं असतं. त्या सकाळी मी थांबले नाही. पदवीची शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. हॉल तिकीट आणायला विसरवाडीहून बस धरायची होती. धूर कमी झालेला बघून मी धावत सुटले.

संध्याकाळी परतले तर शेजारच्या काकीची गवताची गंजी जळून गेलेली. तिच्या बैलांचा पावसापर्यंतचा चारा होता तो. अंगणात माणसं जमली होती. मी काही बोलायच्या आत काकीच म्हणाली, "माझ्याच हातून झालं. सकाळी मीपण पाला पेटवला होता."

तिचा मुलगा भडकला. "डोळे गेले का तुझे, आई? आता काडीपेटीला हात लावायचा नाही!"

खरं न सांगताच मी घरी जाऊन पुस्तक उघडलं.

आगीच्या बाबतीत काकीइतकं जपणारं गावात कुणी नव्हतं. आता सुना तिला चूलसुद्धा पेटवू देईनात. पोरं ओरडायची, "काकी आली, पाणी आणा रे!" ती हसायची. मी मात्र घरात शिरायचे.

आम्ही ख्रिस्ती, काकी जुने देव मानणारी. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला तेव्हा आमच्या चर्चचे पाळक कौतुकानं म्हणाले, "गावातली पहिली कॉलेजची मुलगी तू. या वेळी वधस्तंभाबद्दल तूच बोल." शुक्रवारी सकाळी मी लिहायला बसले. 'निर्दोषाने दोषीची शिक्षा सोसली' इथपर्यंत आले आणि पुढे हात चालेना. तशीच उठून काकीकडे गेले. ती फुलं वाळत घालत होती.

"काकी, आग माझी होती."

"माहीत आहे. पळताना बघितलं होतं तुला. एक चप्पल हातातच होती तुझ्या."

"मग अंगावर का घेतलंस?"

"दुसऱ्या दिवशी पेपर होता ना? रडत बसली असतीस. गवत काय, परत उगवेल."

"आणि लोक हसतात ते?"

तिनं थोडा वेळ फुलं सारखी केली. "ते मनाला लागतं गं," ती म्हणाली.

मी तिच्या मुलाला हाक मारून सगळं सांगितलं. "एवढं शिकलीस आणि आग विझवता येईना?" तो म्हणाला. आत जाऊन त्यानं काडीपेटी आणली आणि आईच्या हातात ठेवली. माझ्या वडिलांनी आमची अर्धी गंजी तिच्या गोठ्याकडे वाहायला घेतली.

लिहिलेला कागद मी घरीच ठेवला. चर्चमध्ये काकीची ही गोष्टच सांगितली. माफी म्हणजे झालेलं विसरणं, असं मला वाटायचं. पण गवत तर जळालेलंच होतं, आणि काकीचं नावही. नुकसान कुणाला तरी सोसावंच लागतं. ज्याच्याविरुद्ध आपण चुकलो, त्या देवानंच ते वधस्तंभावर स्वतःच्या अंगावर घेतलं. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा मला लागलं.

काकी चर्चच्या दारातच बसून ऐकत होती. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "केवढं लांबवलंस गं! माझी फुलं उन्हात पडलीत." मग माझा हात धरून मला ओढतच घेऊन गेली.