साळवे सरांचं वाकणं

साळवे सर कुणालाही पाया पडू द्यायचे नाहीत. निकालाच्या दिवशी दहावीची पोरं पेढे घेऊन वाकायला लागली, की ते दोन पावलं मागं सरकायचे. "पेढा दे, पाठ दावू नको." शिक्रापूरच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित.

त्यांच्याकडून 'स्टूप' हा शब्द शिकलेला पोरगा तो जन्मात विसरला नसेल. सर मुद्दाम खडू खाली टाकायचे आणि वाकून उचलायचे. "ह्यो झाला स्टूप." मग कारेगावातल्या त्यांच्या घराचं बुटकं दार. सहा फुटी माणूस मान आखडून फळ्यापुढं चालायला लागला की वर्ग खिदळायचा. "ह्योबी स्टूप. म्हातारीची वाकलेली पाठ, तीबी. आन् नको त्या गोष्टीसाठी माणूस खाली उतरतो, त्यालाबी ह्योच शब्द. त्याचं उदाहरण म्या देत न्हाई. तुमचं तुम्हाला घावंल."

वाकायला त्यांची ना नव्हती. एकदा पाचवीतल्या पोरीच्या पायात बाभळीचा काटा मोडला, तर सर मैदानात मातीतच बसले आणि तिचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढला. पुढचा तास तसल्याच मळक्या पँटीत घेतला.

आमच्या संस्थेत एक रीत होती. अध्यक्षांच्या वाढदिवसाला सगळ्या शिक्षकांनी रांगेनं त्यांच्या पाया पडायचं. त्या वर्षी मुख्याध्यापकांची जागा रिकामी होणार होती आणि ज्येष्ठतेनं ती सरांची होती. आदल्या दिवशी मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. म्हटलं, "सर, एकदा वाका. अर्ध्या मिनिटाचं काम."

"माझा आजा पाटलाच्या दारात वाकून जोहार घालायचा," वह्या तपासता तपासता ते म्हणाले. "बानं त्ये मोडलं, तवा मार खाल्ला. आता म्या खुर्चीसाठी परत सुरू करू व्हय?"

रांगेत ते माझ्या पुढं होते. ताठ उभं राहून त्यांनी हात जोडले, "जय भीम साहेब, शुभेच्छा" म्हणाले आणि बाजूला झाले. अध्यक्षांचा चेहरा आंबट झाला. सरांच्यामागून मी गेलो आणि जरा जास्तच वाकलो.

मुख्याध्यापकपदाची ऑर्डर माझ्या नावानं आली. सरांची बदली यवतच्या शाखेत झाली. त्यांना इथून मोकळं करायच्या पत्रावर सही मलाच करायची होती. पंधरा वर्षं मला 'बाळू' म्हणणारा माणूस टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अभिनंदन, सर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसा म्हटलं, तर एसटी चुकंल म्हणाले.

त्यानंतर ते रोज दोन एसट्या बदलून यवतला जायचे. त्यांना भेटून माफी मागायची, असं मी दर रविवारी ठरवायचो. रविवार येत गेले. निवृत्तीला वर्ष उरलं असताना चौफुल्याला गाडीची वाट बघता बघता सरांना झटका आला.

कारेगावात त्यांच्या बुटक्या दारातून मी वाकून आत गेलो. सर पांढऱ्या चादरीखाली होते. आता तरी, असं मनाशी म्हणत मी त्यांच्या पायांकडं हात नेला. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"भाऊजी, नगा वाकू. ह्यास्नी चालत नव्हतं. तुम्हाला म्हाईत हाय की."

आवाजात राग नव्हता. मी हात जोडले. त्यांच्यासमोर नुसतं ताठ उभं राहायचं होतं. मला ते जमेना.