चालण्याचे सात प्रकार
व्हाइटबोर्डच्या मार्करचा वास आला की मला अजून तो क्लास आठवतो. जबलपूरला, गढा भागातल्या एका दुकानावरच्या कोंदट खोलीत आमचा इंग्रजीचा क्लास भरायचा. सर गालात गुटखा धरून शिकवायचे आणि मध्येच खिडकीतून खाली पचकन थुंकायचे. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'वॉक' लिहिलं, त्याखाली चालण्याचे आणखी सात शब्द लिहिले आणि एकेकाला उठवून तसं चालून दाखवायला लावलं. कुणाला रमतगमत फिरणं मिळालं, कुणाला चवड्यांवर चालणं. माझ्या वाट्याला आला 'लिंप', म्हणजे लंगडणं. मी क्षणभरही विचार केला नाही. डावा पाय ओढत, दर पावलाला गुडघा हाताने दाबत मी हुबेहूब माझ्या बाबांसारखा चाललो. सगळे हसून हसून लोळले. "अरे वाह, किससे सीखा?" सरांनी लाल दात दाखवत विचारलं. "बस ऐसे ही, सर," मी म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. घरी आल्यावर बाबांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "काय शिकवून राहिले रे आज? दाखव ना." मी सहा प्रकारे चालून दाखवलं. ते पोट धरून हसले. "बस, एवढेच?" "एवढेच, बाबा." "चलो, चहा मांडतो तुझ्यासाठी," म्हणत ते उठले आणि गुडघा दाबत, पाय ओढत स्वयंपाकघरात गेले. सरांच्या थुंकण्याची किळस केव्हाच विरली. स्वतःची अजून येते.