जिन्यातलं 'येते'

परुळेकर सिस्टर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की पाणी मागायच्या, आणि पाणी आलं की प्यायच्या नाहीत. पेला हातात धरून नुसत्या बसायच्या. आमच्या घरी आल्या तेव्हाही तेच. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, मी नोकरी सोडून घरी बसले होते, आणि समोरच्या जिन्यात राहणाऱ्या कुणी निवृत्त सिस्टर त्यांना बघायला येणार म्हणून मी चहाचं आधण ठेवलं होतं. त्यांनी चहा नको म्हटलं आणि पाणी मागितलं. मी धावत आणून दिलं. पेला शेवटपर्यंत भरलेलाच. मला वाटलं, बाई सोवळ्यातली दिसते, आपल्या घरचं पाणी चालत नसेल. मनातून मी जरा फणफणलेही.

ओळख वाढल्यावर एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "अगं वंदना, पाणी कोण आणतं ते बघायचं असतं. कोण उठतं, कोण नुसतं बघत बसतं, कुणाला तीनदा हाक मारावी लागते. घर कसं आहे ते एका पेल्यात कळतं. आणि तहान लागली तर पेशंटच्या हाताला पाणी लागतं का, तेही बघून होतं." मग मला आठवलं, त्या दिवशी निघता निघता त्यांनी सासूबाईंचा तांब्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला होता. डावा हात गेलेल्या बाईला मी डावीकडे पाणी ठेवत होते.

सिस्टर मूळच्या मालवणकडच्या. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळण्यात आयुष्य गेलं. यजमान लवकर वारले, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि निवृत्तीनंतर शांत जागा म्हणून त्यांनी पनवेलच्या आमच्या खांदा कॉलनीत पहिल्या मजल्यावर घर घेतलं. पण शांतता त्यांच्या नशिबात नव्हती, कारण तिला त्या स्वतःच टिकू देत नसत. इतकी काळजी करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. कुलूप लावून अर्धा जिना उतरायच्या, परत जाऊन ओढून बघायच्या. पर्समध्ये टॉर्च, सेफ्टी पिना, ग्लुकोजची बिस्किटं. कुणी चेष्टा केली तर म्हणायच्या, "काळजी घरी ठेवून यायची नाही, ती बरोबर आणायची. घरी ठेवली तर घरी जाऊन करावीच लागते." मी स्वतः जन्माची घाबरट. अशा दोन घाबरट बायकांनी मिळून धंदा काढला, याचं माझ्या नवऱ्याला अजून नवल वाटतं.

त्या वेळी मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते आणि पनवेलला विमानतळ येणार येणार म्हणून जागांचे भाव चढत होते. आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच घरांत फक्त म्हातारी माणसं उरली होती. मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला. घरी बाई पाठवणारे ब्युरो होते, नाही असं नाही. पण ते बाई पाठवायचे आणि विसरून जायचे. सिस्टरांना ते सहन होईना. "बाई पाठवली की काम संपत नाही, सुरू होतं," असं त्या मला रोज ऐकवायला लागल्या, आणि सासूबाई गेल्यानंतर एक दिवस त्यांनी मला सरळ सांगितलं की आपण दोघी हे करू या, फोन तू सांभाळायचे. नाव ठेवलं 'सोबत'. ऑफिस म्हणजे त्यांच्याच घराची बाहेरची खोली. नवरा म्हणाला, कुणाच्या घरातली अंगठी हरवली तर पोलीस तुझ्याकडे येतील. मी त्या रात्री झोपले नाही. सिस्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मीही नाही झोपले, मला अंगठीची नाही, पेशंट पडायची भीती वाटते.

काम असं होतं: सिस्टर आधी घर बघून यायच्या, पाणी मागायच्या. मग त्या घराला साजेशी बाई निवडायच्या. रोज संध्याकाळी प्रत्येक बाईचा फोन यायलाच हवा, आणि 'बरं आहे' एवढ्यावर सुटका नाही. काळजी अनावर झाली की सिस्टर मालवणीवर यायच्या. माझ्या हातातून फोन घेऊन म्हणायच्या, "बरा म्हणजे काय ता सांग. जेवले किती? बोलले काय? लघवीक गेले?" मला मात्र फोनची घंटा वाजली की पोटात गोळा यायचा. चांगली बातमी कुणी घाईनं कळवत नाही.

चित्रेकाका आमच्याकडे आले ते त्यांच्या मुलाच्या अमेरिकेतून आलेल्या फोनमुळे. काका पोस्टातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, आणि आता आठवण विरत चाललेली. मुलगा म्हणाला, इथे सरकारी विम्यातून गरिबांच्या घरी माणूस येतो, आणि सगळं नीट चाललंय ना यावर लक्ष ठेवायला वेगळा केस मॅनेजर असतो. तुम्ही तेच करता. सिस्टर खूश झाल्या. चार दिवस ज्याला त्याला सांगत होत्या की मी मॅनेजर आहे. मग स्वतःच म्हणाल्या, "केस फोनवर म्हणायचं. उंबरा ओलांडला की काका म्हणायचं."

काकांसाठी त्यांनी हिराला निवडलं. हिरा उरणच्या कोळीवाड्यातली, आवाज खणखणीत, हसणं त्याहून मोठं. काकांना ती दिवसभर बोलतं ठेवायची. संध्याकाळी रात्रीची बाई आली की हिरा उरणची एस.टी. पकडायला निघायची, आणि दारातून सांगायची, "येते हां काका." हे आमच्याकडे शिकवलेलंच होतं. बायकांना तयार करताना सिस्टरांचा एक नियम पक्का होता: आजारी माणसाच्या घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही. खरं तर हे शिकवायची गरजच नव्हती. आपल्यात निरोगी घरातूनसुद्धा कुणी 'जाते' म्हणत नाही.

हिरा गेली की काका दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. रात्रीची बाई सांगायची, हिराची वाट बघत बसतात. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. सिस्टर तर म्हणाल्या, बघ कशी माया लागली. इतक्या काळजीखोर बाईला या एकाच गोष्टीची काळजी वाटली नाही.

एका संध्याकाळी फोन आला आणि पलीकडे रात्रीची बाई नुसती रडत होती. ती कुकर लावायला आत गेली होती, बाहेर आली तर दार उघडं आणि खुर्ची रिकामी. आम्ही धावत पोचलो. शेजारी बागेत बघून आले होते, देवळात बघून आले होते. मला डोळ्यांसमोर फक्त हायवे दिसत होता. आठवण नसलेला म्हातारा, दिवेलागणीची वेळ, आणि सुसाट जाणारे ट्रक. 'सोबत' बंद पडणार हे तर दिसतच होतं, हिराला परत कुणी दारात उभं करणार नाही हेही दिसत होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त ते काका हवे होते, जिवंत.

सिस्टर खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. तोंडानं एकच चाललं होतं, "खय गेले असतील गो?" मग त्यांनी दाराशी बघितलं. काकांच्या चपला तिथेच होत्या, बूट नव्हते. बूट घालून माणूस लांब जातो. रात्रीची बाई रडता रडता म्हणाली, ओट्यावर हिराचा डबा राहिला होता, तोही दिसत नाही. सिस्टरांनी माझा दंड धरला. "येते म्हणून गेली ना ती," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी कुलूपच काय, मागे वळूनही बघितलं नाही.

रिक्षातून हायवे ओलांडताना मी डोळे मिटून घेतले होते. एस.टी. स्टँडवर उरणच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर काका बसले होते. ताठ, मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "ती येते म्हणाली होती. अजून आली नाही. डबा राहिलाय तिचा." मला रडू फुटलं. किती गाड्या आल्या आणि गेल्या असतील, आणि प्रत्येक गाडीतून उतरणारी तोंडं त्यांनी निरखली असतील.

त्यांना उठवायचं कसं हा प्रश्न होता. चला म्हटलं तर मान हलवत. हाताला धरलं तर डबा घट्ट आवळत. सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. मग पाहुण्या आल्यासारख्या म्हणाल्या, "काका, जरा पाणी मिळेल का?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं. ओशाळल्यासारखे झाले. आल्यागेल्याला पाणी विचारायचं राहून गेलं याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर उमटली. "इथे नाही हो," ते म्हणाले, "घरी चला, देतो." आणि उठून आमच्याबरोबर चालायला लागले. घरी पोचल्यावर त्यांनी खरंच स्वतःच्या हातानं पेला भरून दिला. सिस्टरांनी तो धरला, पण अर्धं पाणी पदरावर सांडलं.

माझं म्हणणं होतं, सापडले ना, आता मुलाला कशाला कळवायचं. सिस्टर म्हणाल्या, "आज लपवलंस तर उद्यापासून तुझं 'बरं आहे' मलाच खरं वाटणार नाही." त्यांनी स्वतः फोन केला, काही न वगळता सांगितलं. मी पदराचं टोक चावत उभी. शेवटी मुलानं विचारलं ते एवढंच, की उद्या सकाळी हिरा येईल ना.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी बायकांना बोलावून सांगितलं, चूक हिराची नाही, नियमाची आहे, आणि नियम माझा आहे. काकांना शब्द जसा ऐकू येतो तसाच खरा वाटतो. त्यांच्या घरातून निघताना 'जाते' म्हणायचं, 'उद्या सकाळी' म्हणायचं. एकीनं कानाला हात लावला. हिरा मात्र बोलली. "सिस्टर, बाकी काय पन सांगा. ह्यो शब्द नाय निंगायचा तोंडातून. आमचा मानूस होडीवर निंगतो तवा 'जातो' नाय बोलत. चुकून बोलला तर आमी त्याला परत घरात घेतो, बसवतो, पानी देतो, मंग सोडतो."

सिस्टर तिच्यावर चिडल्या नाहीत. त्यांनाही तो शब्द जड जात होता, हे मला दिसत होतं. बराच विचार करून त्या म्हणाल्या, "आत 'जाते' म्हण. दार लागलं की जिन्यात थांब, दाराकडे तोंड कर आणि 'येते' म्हण. काकांना हवं ते काकांनी ऐकावं, देवाला हवं ते देवानं."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी जिन्यात उभ्या होतो. आतून हिराचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक: "जाते, काका. उद्या सकाली." आणि काका म्हणाले, "बरं, जा." एवढंच. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग टीव्हीवरच्या बातम्या सुरू झाल्या. हिरा बाहेर आली, दाराकडे वळली आणि 'येते' म्हणता म्हणता रडायला लागली. सिस्टरांनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हातात दिला. पुढे काका होते तोवर हे रोज चाललं, आणि मग आमच्या सगळ्या बायकांनाच ती सवय लागली. घरात काहीही म्हणून निघोत, जिन्यात एकदा दाराकडे वळायच्या.

'सोबत' वाढलं. सिस्टर थकल्या. आधी गुडघे, मग छातीचं दुखणं. आता काळजी आम्ही करायची आणि त्यांनी आमच्यावर चिडायचं, अशी उलटी गंगा सुरू झाली. शेवटी मुलगी त्यांना नागपूरला न्यायला आली. ऑफिस इथेच राहू दे, म्हणाल्या. त्या दिवशी सगळ्या बायका येऊन भेटून गेल्या, प्रत्येकीनं परत या असं बजावलं. मुलगी सामान घेऊन खाली रिक्षात बसली. सिस्टर गॅस बघून आल्या, परत जाऊन बघून आल्या, आणि मग बाहेरच्या खोलीत टेकून त्यांनी मला पाणी मागितलं. मी आणून दिलं. या वेळी त्यांनी पेला रिकामा केला.

मग उठल्या आणि म्हणाल्या, "जाते गं, वंदना."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, असं काय बोलता सिस्टर, येते म्हणा.

"तू दाराशी बसून राहणाऱ्यांतली आहेस," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगून जाते."

कठडा धरून त्या एकेक पायरी उतरायला लागल्या. मी दारात उभी राहिले. जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या, तेव्हा मला वाटलं, आता वळतील. त्यांनी श्वास घेतला, पदर सारखा केला आणि तशाच खाली गेल्या. रिक्षा सुरू झाल्याचं मला ऐकू आलं.

थंडीच्या दिवसांत नागपूरहून फोन आला. घंटा वाजली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला नाही, का कोण जाणे. मुलगी एवढंच म्हणाली, "आई गेली."

मी वाट बघत नाही. बघू नकोस असं त्या मला तोंडावर सांगून गेल्या होत्या, आणि त्यांचं मी आजवर सगळं ऐकलं. पण संध्याकाळी ऑफिस बंद करून, कुलूप दोनदा ओढून झालं की मी जिन्यात थांबते, त्यांच्या दाराकडे तोंड करते, आणि 'येते' म्हणते.