पुढच्या चाकांचा रॉड

मिस्त्रींच्या बायकोला गाडी लागायची. लग्न होऊन सासरी आली तीच मुळी खिडकीबाहेर डोकं काढून. तेव्हापासून बत्तीस वर्षं वळण आलं की तिचं ठरलेलं, "अहो, ही गाडी आहे की पाळणा?" मिस्त्री हसायचे आणि म्हणायचे, "रॉड टाकू एकदा." जगाच्या गाड्या दुरुस्त करता करता स्वतःच्या जुन्या गाडीखाली शिरायला त्यांना सवड कुठली.

गाडी स्वस्तातल्या मॉडेलची. महागातल्या मॉडेलला पुढच्या दोन चाकांना जोडणारा, टोकांना वाकवलेला पोलादी दांडा यायचा. गॅरेजात त्याला बॅलन्स रॉड म्हणतात. वळणावर गाडी एका अंगावर कलंडायला लागली की हा दांडा पिळला जातो आणि तिला सावरतो. मिस्त्रींच्या गाडीला रॉडची भोकं तेवढी होती, रॉड नव्हता.

मग बायकोचं दुखणं हाडांत शिरलं. डॉक्टरांची औषधं कमी झाली आणि गोड बोलणं वाढलं, तेव्हा दोघांनाही काय ते कळलं. तिने एकच मागितलं.

"ताईकडे जायचंय. एकदाच."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. राहायला डोंगरावर, गुडघ्यांनी अधू. ती खाली येण्यातली नव्हती. मधे घाटाची बेचाळीस वळणं.

मिस्त्रींनी तीन दिवस भंगाराचे ढीग उपसले आणि महागातल्या मॉडेलचा रॉड हुडकून काढला.

"या वयात गाडीला कसरत शिकवताय होय?" भंगारवाला म्हणाला.

"मंडळींना गाडी लागते."

"आजच लागायला लागली?"

मिस्त्रींनी पैसे मोजले. रॉड खांद्यावर टाकून चालू लागले.

घरी आणून तारेच्या ब्रशने गंज काढला, काळा रंग दिला. रॉडला धरून ठेवणारे रबरी बुश नवे घेतले आणि साबणाच्या पाण्याने रॉडवर चढवले. गॅरेजातल्या खड्ड्यावर गाडी उभी करून खालून रॉड बसवला, दोन्ही टोकं छोट्या लिंक रॉडने चाकांशी जोडली. नट मात्र सैलच ठेवले.

कारण त्यांची एक रीत होती. गाडी अधांतरी असताना बुश आवळले, तर ती टेकल्यावर रबर पिळून फाटतं. म्हणून शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर ठेवून. एवढं सगळेच करतात. मिस्त्री एक पाऊल पुढे जाऊन, ज्याच्यासाठी काम केलं त्याला सीटवर बसवत. एका धिप्पाड धान्यवाल्याला त्यांनी तासभर बसवून ठेवलं होतं. "उठलात तर पुन्हा पहिल्यापासून," असं खालून दटावत.

बायकोला त्यांनी उचलूनच आणलं, पुढच्या सीटवर ठेवलं आणि खड्ड्यात उतरले. पुढच्या स्प्रिंगवर तळवा टेकवून थांबले. धान्यवाला बसला तेव्हा स्प्रिंग दोन बोटं दबली होती.

"बसलीस का गं नीट?"

"केव्हाची."

मिस्त्रींचा हात स्प्रिंगवर तसाच राहिला. केसाएवढीसुद्धा हलली नव्हती.

"काय झालं? काम विसरलात की काय?"

"रबर बघतोय."

"वजन कमी पडतंय का माझं? उशी घेऊ मांडीवर?" वरून ती हसल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा.

पाच मिनिटांचं ते आवळणं, त्यांना अर्धा तास लागला.

दोन दिवसांनी मागच्या सीटवर गादी घालून, तिला निजवून आणि उलटीसाठी एक टब सोबत घेऊन निघाले. पहिली सात-आठ वळणं गाडी अशी गेली की टबातलं पाणी हललं नसतं.

"वळण झालं? कळलंच नाही हो," ती म्हणाली.

मिस्त्रींची छाती फुगली. त्यांनी एक जुनं गाणंही गुणगुणायला घेतलं.

मग उखडलेला रस्ता लागला. डावं चाक खळग्यात गेलं आणि रॉडने उजव्यालाही सोबत ओढलं. सबंध गाडीला हिसका बसला. दुसरा खळगा. तिसरा. मिस्त्रींनी आरशात पाहिलं. तिने खालचा ओठ दातांखाली धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते.

"बॅलन्स रॉड वळणाला चांगला, खळग्याला वाईट," असं त्यांनी स्वतः शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. पण बत्तीस वर्षं वळणांची तक्रार ऐकत आलेला माणूस वळणांचाच विचार करत बसला. हाडं दुखणाऱ्याला वळण काय आणि पाळणा काय.

त्यांनी गाडी कडेला घेतली, गोणपाट अंथरलं आणि पाना घेऊन खाली सरकले.

"काय करताय?"

"लिंक सोडवतोय."

"राहू द्या की. एवढ्या हौसेनं घातलात."

"दुखतंय ना?"



"उलटी परवडली," ती म्हणाली.

सुटलेला रॉड त्यांनी तारेने वर बांधला. पुढे तीसेक वळणं गाडी पुन्हा पहिल्यासारखी झुलत गेली. दर दोन-तीन वळणांना ते थांबायचे, टब धरायचे, तिचं तोंड पुसायचे. दीड तासाच्या वाटेला पाच तास लागले.

ताई दाराची चौकट धरून उभीच होती. "काय गं ही दशा," म्हणत तिने बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"प्रवासाचं काही नाही हं," बायको म्हणाली. "यांनी माझ्यासाठी गाडीला खास रॉड घातलाय. अलगद आणलं मला."

मिस्त्री अंगणातल्या नळावर टब धूत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दोन दिवस बहिणी गप्पा मारत पडून राहिल्या. तिसऱ्या सकाळी बायकोने त्यांना जवळ बोलावलं.

"अहो, परतीचं आता नको."

मिस्त्रींनी मान हलवली.

"घरून कपड्यांचे दोन जोड आणा माझे."

"दोनच?"

"पुरतील."

"दोन महिन्यांवर थंडी आलीय. इथे वर जास्त पडते. तुझा तो स्वेटर आणतो."

ती खिडकीकडे बघत राहिली. "कशाला," म्हणाली. "ताईला उगाच कपाटात जागा करावी लागेल."

मिस्त्रींनी स्वेटर तरीही आणला. ताईने कपाटात जागा केली.